चोरखमाऱ्याच्या बांधीतली शिराज

गोंदियाला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. फेब्रुवारीची थंडी अजून पुरती हटली नव्हती आणि फलाटावर राईस मिलच्या कोंड्याचा उबदार वास पसरला होता. नाशिकरोडपासूनच्या प्रवासात पाठ आखडली होती, पण मन हलकं होतं. खरं सांगायचं तर मी आनंदानं निघाले होते. पिशवीत स्वतःच्या दोन छाटणीच्या कात्र्या होत्या. एक माझ्यासाठी, एक शिकणाऱ्यांसाठी.

मी दिंडोरी तालुक्यातली. एका वाइनच्या मळ्यावर बावीस वर्षं देखरेखीचं काम केलं आणि मागच्या वर्षी घरी बसले. माझ्याकडचा शेवटचा प्लॉट शिराजचा होता. शिराज म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष. मणी लहान, काळाजांभळा. साल जाड, आत बिया. खायला कुणी विकत घेणार नाही. इराणात शिराज नावाचं शहर आहे, पण हे द्राक्ष तिथलं नाही, मूळ फ्रान्सचं, असं शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलंय. परक्या शहराचं नाव त्याला कसं चिकटलं यावर मळ्यात बरेच वाद ऐकले आहेत.

आठवड्यापूर्वी एका संस्थेतून फोन आला होता. माझं नाव त्यांना आमच्या जुन्या मळ्यावरूनच मिळालं होतं. "गोंदिया जिल्ह्यात शिराजचा प्रयोग यशस्वी झालाय. मुंबईहून पाहुणे बघायला येणार आहेत. तुम्ही शेतकऱ्यांना चार गोष्टी सांगा," असं बोलणारा म्हणाला. मला शंका आली होती. तो भाताचा मुलूख, पाऊस आमच्या दुप्पट. पण आमच्याकडे पहिली वेल लावली तेव्हा गावानं आम्हालाही हसून घेतलंच होतं. कुणी जमवलं असेल तर बघून यावं, असं वाटलं.

स्टेशनबाहेर दिलीपभाऊ गाडी घेऊन उभे होते. पन्नाशीचे, पोवार समाजातले, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. "मॅडम, पहले नाश्ता करून घ्या. मंग रस्त्यात काही भेटत नाही," म्हणाले. एका गाडीवर पोह्यावर हरभऱ्याचा तिखट रस्सा घालून मिळाला. डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरी प्लेटही घेतली. खाता खाता मी विचारलं, "इथली द्राक्षं बघितलीत का तुम्ही?"

"द्राक्षं बजारात येते ना. नाशिकचीच येते," ते म्हणाले आणि चहाचा ग्लास घेऊन दुसरीकडे बघायला लागले.

तिरोड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या लागतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा. भात कापून झाला होता. तणशीचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग रचून ठेवले होते, आणि ज्या बांध्या आमच्याकडे उघड्या पडल्या असत्या त्या इथे हिरव्या होत्या. दिलीपभाऊंनी सांगितलं, ती लाखोरी. भात उभा असतानाच त्याच्या ओलीत लाखोरीचं बी फेकून देतात. ना नांगर, ना पाणी. भात जातो, मागून डाळ येते. मी गाडी थांबवून एक शेंग सोलून खाल्ली. कोवळी, गोडसर. ज्यानं ही रीत शोधली त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

मुक्काम बोदलकशाच्या तलावाकाठी होता. तिथे पोचल्यावर कळलं की माझ्या खोलीला रंग लागतोय, दुपारपर्यंत थांबा. म्हणून काठावर जाऊन बसले. पाणी शांत, पलीकडे जंगलाची रेघ. दोन डोंगे (लाकडी होड्या) उपडे घालून ठेवले होते आणि त्यांच्याजवळ एक म्हातारे ढीवर (मासेमारी करणारे) जाळं सांधत होते.

"आज मासे नाहीत का?" मी विचारलं.

"मासे हायेत. जारं टाकू नका म्हनून सांगतलं. दोन दिवस."

"का बरं?"

"पावने येऊन राहिले ना. फोटोत पानी साफ दिसाले पायजे म्हनते." त्यांनी दात लावून दोरा तोडला. "आमी घान आहोत का काय पान्यावर?"

इथूनच माझं डोकं तापायला सुरुवात झाली असं आता आठवून वाटतं.

जेवणाच्या वेळी संस्थेचा माणूस भेटला. अभिजित. पस्तिशीचा, पुण्याचा, अतिशय गोड बोलणारा. त्यानं माझ्या पुढ्यात एक छापील कागद ठेवला. उद्या मला बोलायची वाक्यं त्यावर होती. "गोंदियाच्या मातीत रुजलेली शिराज पाहून मी थक्क झाले," हे पहिलं वाक्य.

"मी अजून पाहिलीच नाही," मी म्हणाले.

"उद्या बघालच ना, मॅडम."

"मी आज बघते."

आज तिथे तयारी चालू आहे, धूळ आहे, असं काहीबाही तो सांगत राहिला. मी हात धुतले आणि दिलीपभाऊंना गाडी काढायला सांगितली. त्यांनी एकदा अभिजितकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली घेतली.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या बांध्यांना मिळतं, त्यांतलीच एक ही प्रयोगाची बांधी. रस्त्याला लागून. लांबूनच पांढरा मंडप दिसला आणि एक भला मोठा फलक: "गोंदिया शिराज." फलकामागे साठएक वेली, तारेवर चढवलेल्या, घड लागलेल्या. क्षणभर छाती भरून आली. मग जवळ गेले.

पानं कडेनं वळली होती. घडांचे देठ मऊ पडले होते. दोन मजूर पाठीवरच्या पंपातून पानांवर पाणी मारत होते. कशाला, तर टवटवी दिसावी म्हणून. खाली मातीत ठिबकची नळी अंथरली होती, तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

बांधीच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. साठीच्या, काटक, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. त्या माझ्याकडे आल्या. "जय भीम. तुमीच का त्या द्राक्षाच्या बाई?"

"जय भीम. हो, मीच."

"मंग मले सांगा, या झाडायले मुळ्या काऊन नाईत?"

त्या शेवंताबाई. बांधी त्यांची. त्यांनी पहिल्या ओळीतल्या वेलीला हात घातला आणि ती सरळ वर उचलली. ओढावी लागली नाही. बुंधा करवतीनं सपाट कापलेला होता. खाली मूळ नावाला नव्हतं. मेलेली वेल घड घेऊन उभी केली होती.

मी ती हातात घेतली. बुंध्याला तारेनं बांधलेली पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर खिळ्यानं कोरलेला ओळीचा आणि वेलीचा आकडा होता. अक्षर माझं होतं. मळ्यावरच्या शेवटच्या नऊ वर्षांत तो शिराजचा प्लॉट मी वाढवला. खुंटावर कलमं बांधली, ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या) धरले, दर ऑक्टोबरला एकेक काडी मोजून छाटली. मी गेल्यावर मालक तो प्लॉट काढून दुसरी जात लावणार हे ऐकलं होतं. प्लॉट काढतातच, त्याचं मला दुःख नाही. पण घड भरलेले असताना, तोडणी तोंडावर असताना, वेल बुंध्यातून कापायची आणि ट्रकमधून पाचशे मैल लांब बाहुलीसारखी उभी करायची? आणि ती खरी आहे हे सांगायला तिलाच वाढवणाऱ्या बाईला बोलवायचं? मी वेल खाली ठेवली आणि तारेचा खांब धरला.

शेवंताबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला धुऱ्यावर बसवलं आणि तांब्यातून पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. इकडे बायकाही "मी गेलो, मी आलो" असंच बोलतात.

"त्यायनं म्हनलं, गाड्या उभ्या कराले जागा पायजे. मी म्हनलं, धुऱ्याच्या त्या अंगाले करा. मी त्या दिवशी नातीच्या शाळेत गेलो होतो. वापस आलो त जेसीबी फिरून गेला होता. लाखोरी शेंगाले आली होती, मॅडम. सारी बुजवली. आन् धुरा फोडला, ट्रक आत याले."

त्यांनी दाखवलं. रस्त्याच्या बाजूला दोन ट्रक जातील एवढं खिंडार पडलं होतं. बांधीला धुरा नसेल तर पाणी थांबत नाही आणि पाणी थांबलं नाही तर धान होत नाही, हे मला द्राक्षवालीलाही कळत होतं.

"तुम्ही विरोध नाही केला?"

"केला ना. त तो पुन्याचा पोरगा म्हनते, मावशी, तुमच्या वावराचं नाव होईल. नाव शिजवून खाऊ का मी?"

त्या रात्री मी बोदलकशाच्या रंगवलेल्या खोलीत गेले नाही. शेवंताबाईंनी जेवायला चला म्हटलं आणि मी त्यांच्याकडेच राहिले. भात, लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी. डाळ मागच्या वर्षीची होती. "यंदाची नाई होनार," एवढंच बोलून त्यांनी मला पुन्हा वाढली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाहुणे आले. सात गाड्या. सत्कार, टोप्या, आरती. मंडपात गावातले लोक कमी आणि गाड्यांतून आलेले जास्त. मुख्य पाहुण्यांनी एक मणी तोंडात टाकला, बी कुठे थुंकावी हे न कळून गिळून टाकली आणि "गोड आहे" म्हणाले. मग अभिजितनं माझं नाव पुकारलं. माझ्या हातात तो कागद पुन्हा दिला.

मी कागद घडी करून कमरेला खोचला आणि माइक घेऊन पहिल्या ओळीकडे चालत गेले. "मी बावीस वर्षं द्राक्षात काम केलं," मी म्हणाले. "ही वेल मला ओळखते आणि मी तिला ओळखते. ही दिंडोरीत वाढली. चार-पाच दिवसांपूर्वी कापून ट्रकनं इथे आणली. हिला मूळ नाही. बघा." आणि मी वेल उचलून डोक्याच्या वर आडवी धरली. "जिच्या उभ्या पिकावर हे सगळं मांडलंय, त्या बाई त्या तिकडे उभ्या आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही."

एवढं बोलले तोवर माइक बंद झाला होता. नेमका कोणत्या शब्दाला बंद केला ते मला माहीत नाही. मागच्या लोकांना काही ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांच्या माणसानं घड्याळ दाखवलं. पाहुणे माझ्याकडे बघून हसले, कुणाच्या तरी बडबड्या मावशीकडे बघून हसावं तसं, आणि गाडीत बसले. फोटो काढणाऱ्यांनी मात्र वेल वर धरलेली मी भरपूर टिपली.

पाच मिनिटांत सातही गाड्या गेल्या. अभिजित त्यांच्या मागोमाग निघत होता. मी त्याच्या गाडीच्या दाराला हात लावला. "धुरा कोण बांधून देणार?"

"मॅडम, तुम्ही आज जे केलंत त्यानंतर खरं तर मी तुमच्याशी बोलायलाच नको. ते पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढचा टप्पा कोणता?"

त्यानं काच वर केली.

मी रागावले होते. शेवंताबाई शांत होत्या. त्यांनी खिंडाराकडे पाहिलं, मग मंडपाकडे. मंडपवाल्याचा ट्रक बांधीतच उभा होता आणि त्याची माणसं खुर्च्या भरत होती. शेवंताबाई गेल्या आणि त्या खिंडारात मधोमध बसल्या. थोड्या वेळानं शेजारच्या बांधीतल्या दोघी आल्या, मग आणखी चार. मीही जाऊन बसले. माती गार होती.

ट्रक भरून तयार झाला तसा मंडपवाला आला. "अरे बाई, हटो ना. कल तिरोडा में शादी है, मंडप टाकायचा आहे."

"जा ना," शेवंताबाई म्हणाल्या. "धुऱ्यावरून जाता येत असन त जा."

"मैंने क्या किया?"

"तुमी काई नाई केलं. ज्यानं केलं त्याले फोन लावा."

त्यानं लावला. अभिजितनं उचलला नाही. पुन्हा लावला. दुपारभर लावत राहिला, आधी विनवणी करत, मग शिव्या देत. मधे एकीनं भाकरी आणि कांदा आणला, मंडपवाल्यालाही दिला. त्यानं आमच्याशेजारी बसूनच खाल्लं आणि हळूहळू आमच्या बाजूनं बोलायला लागला. "गलत तो है," म्हणाला. दिलीपभाऊ मला न्यायला आले होते. ते गाडी बाजूला लावून झाडाखाली बसले आणि कुणाला तरी फोन करून जेसीबीवाल्याचा नंबर मिळवून मंडपवाल्याला दिला. मग मला हळूच म्हणाले, "मॅडम, काल सकाळी मले माहीत होतं. तो वेलींचा ट्रक मीच रस्ता दाखवून आणला. सांगाची हिंमत नाई झाली." मला त्यांच्यावर चिडायला हवं होतं. पण सगळ्या गर्दीत चूक कबूल करणारा तो एकच माणूस होता.

चार वाजता अखेर अभिजितनं फोन उचलला. लग्नाच्या घरचा कुणी वजनदार माणूस मधे पडला असावा. सूर्य तलावाकडे कलला तेव्हा तोच पिवळा जेसीबी घरघरत आला. शेवंताबाई उठल्या नाहीत. "आधी माती टाक. मंग ट्रक जाईन," म्हणाल्या. चालकानं दोन्ही बाजूंनी माती ओढून घेतली, मधे ट्रकपुरती वाट ठेवली. तेव्हा शेवंताबाई उठल्या, ट्रक बाहेर पडला आणि चालकानं वाट बुजवली. काम ओबडधोबड होतं. बायकांनी लगेच पावडी घेतली, ढेकळं फोडली, पायानं दाबून दाबून धुरा सारखा केला. मला पावडं नीट धरता येत नव्हतं. एकीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला पाणी शिंपडायला लावलं.

वेली तशाच उभ्या होत्या. "याचं काय करू?" शेवंताबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या वावरात आहेत, तुम्ही ठरवा. त्यांनी एक बुंधा मोडून बघितला. "चुलीले होईन." मी पत्र्याच्या पट्ट्या सोडवून घेतल्या. त्या त्यांच्या उपयोगाच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत निघाले. समोर गोंदियाचे एक गृहस्थ, कापडाचे व्यापारी, वर्तमानपत्र वाचत होते. ते सारखे पानाकडे आणि माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. "ये आपही हो ना?"

फोटो माझा होता. हात वर, हातात वेल, तोंड उघडं. फोटो एका बाजूनं माझ्या मनगटालगत कापलेला होता. बुंध्याचं खालचं टोक, जिथे मूळ नव्हतं, ते फोटोत नव्हतं. खाली ओळ: "गोंदियाच्या शिराजचे कौतुक करताना नाशिकच्या तज्ज्ञ."

मी त्यांना सगळं सांगितलं. नागपूर येईपर्यंत सांगत होते. ते सज्जन होते, मान डोलवत होते, मधे एकदा "अरेरे" म्हणाले. नागपूरला उतरताना त्यांनी पेपर घडी करून काखेत मारला. "फिर भी, जिले का नाम तो हुआ," म्हणाले.

घरी आल्यावर मी त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. संस्थेलाही लिहिलं, काय पाहिलं ते तारखेसह. त्यांच्याकडून आभाराचं छापील पत्र आलं. माझ्या सहभागाबद्दल. तो कागद मी फाडला.

जुलैच्या अखेरीला शेवंताबाईंचा फोन आला. रोवणा (भाताची लावणी) आटोपला होता. धुरा एका जागी पाझरला, तो त्यांनी पुन्हा दाबला, बाकी पाणी थांबलं. मी लाखोरीचं विचारलं. "आता दिवाळीच्या अंगाले टाकीन. यावेळी कोनी गाडी उभी कराले जागा मागतली त सांगीन, तुमच्या अंगनात करा."

मी फोन ठेवला. फसवणारे सगळीकडे असतात, आमच्या दिंडोरीतही कमी नाहीत. मला चीड येते ती त्यांच्या निवांतपणाची. एक तयार पीक बुजवून त्यावर एक मेलेलं पीक उभं करताना कुणाचा हात अडखळला नाही. आणि ज्या शेतात नांगर न लावता डाळ पिकते, ते शेत बघायला सात गाड्यांतून आलेला एकही माणूस खाली वाकला नाही.